धुळवडीला रॉटरडॅमात लागलेला आमचा कंटेनर

कंटेनर भरून झालेला, सील लागलेलं, ड्रायव्हर पॅकहाऊसच्या दारात चहा पीत उभा, आणि आप्पांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी मला विचारलं, "सूनबाई, हे हॉलंडवाले एवढी द्राक्षं खातात तरी कशी?" मला उत्तर देता आलं नाही. मी कृषी पदवीधर, आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या बारा जणांच्या गटाचं ऑफिसचं सगळं काम माझ्याकडे, ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षाची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन सिस्टीमवर, रोज बसणारी मीच, आणि दर सीझनला कागदावर शेवटच्या बंदराच्या रकान्यात रॉटरडॅम टाईप करणारीही मीच. पण तिथं पुढं काय होतं ते मला माहीत नव्हतं. आप्पांचा हिशोब बरोबरच होता, देश केवढा तर आपला नाशिक, नगर आणि वर अर्धा पुणे जिल्हा धरला की झाला. माणसं एक कोटी ऐंशी लाखाच्या आसपास. आणि आपल्या द्राक्षाचे सगळ्यात जास्त पैसे येतात ते याच देशातून. २०२३-२४ ला भारतातून सगळीकडे मिळून ३ लाख ४३ हजार टनांच्या वर द्राक्षं गेली, ३,४६० कोटींची, आणि गिऱ्हाइकांच्या यादीत पहिलं नाव नेदरलँडचं, म्हणजे आप्पांच्या हॉलंडचं. हे सगळं त्याच सीझनचं सांगतेय.

त्याआधी आम्ही स्वतः कधी पाठवत नव्हतो. एक्सपोर्टर बांधावर यायचा, भाव ठरायचा, माल जायचा. एका सीझनला एका एक्सपोर्टरने दोन महिन्यांनी फोन करून सांगितलं की तिकडं माल खराब निघाला, किलोमागं इतके इतके कापतोय. फोटो मागितले तर आले नाहीत, रिपोर्ट मागितला तर पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला आणि तो पुढचा आठवडा काही उगवला नाही. गटातल्या एकाने त्या पैशावर मुलीच्या ॲडमिशनचं धरलं होतं. खराब निघालाही असेल, द्राक्ष आहे ते, पण आपल्याला बघता येत नाही याचा त्रास जास्त होता. त्याच वर्षी गटाच्या मिटिंगमध्ये ठरलं की एक कंटेनर, फक्त एक, आपल्या नावावर पाठवायचा आणि त्याच्या मागोमाग कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघायचं. इंग्रजीचा आणि कागदाचा भाग माझ्याकडे म्हणून मी, आणि मालातलं जाणणारे म्हणून गटाचे अध्यक्ष, त्यांना सगळे भाऊच म्हणतात.

आयात-निर्यात कोड काढणं, अपेडाचं, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, रजिस्ट्रेशन, बँकेचं, कस्टमवाला एजंट शोधणं यात एक पावसाळा गेला. ते लिहीत बसत नाही, वेळ लागतो एवढंच, अवघड काही नाही.

अवघड असतं ते बागेत. प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवायचा, त्याचा नंबर ग्रेपनेटला चढतो, मग ऑक्टोबर छाटणीपासून प्रत्येक फवारणी डायरीत लिहायची, औषध कुठलं, किती, कुठल्या दिवशी. कुठलं औषध चालतं आणि काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं ती यादी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राकडून येते. काढणीच्या आधी लॅबचा माणूस स्वतः येऊन प्लॉटमधनं सॅम्पल घेतो, पास झालं तर पुढं, फेल झालं तर तो प्लॉट सिस्टीममध्येच लॉक होतो आणि माल लोकल मार्केटला. ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. हा आकडा मी कित्येक वर्षं नुसता वाचत होते, एकदा गटाच्या मिटिंगमध्ये मांडून दाखवला. आमच्या कंटेनरमध्ये तेरा टन माल, तेरा हजार किलो, म्हणजे मर्यादा झाली १३० मिलिग्रॅम. क्रोसिनची पाचशेची गोळी घ्या, तिचे चार तुकडे करा, त्यातला एक तुकडा अख्ख्या कंटेनरमध्ये विरघळवा, एवढ्यावर आपलं पास-फेल ठरतं. त्या दिवसानंतर शेजारच्या प्लॉटवरून औषधाचा तुषार येतोय अशी तक्रार करायला लोक जास्त लवकर यायला लागले.

आणि हे भीतीपोटी नाही, आमच्याकडे याची आठवण आहे. २०१० च्या सीझनला क्लोरमेक्वाटचा, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत सीसीसीचा, अंश सापडला म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले. ते औषध वेलीची वाढ आवरायला वर्षानुवर्षं मारलं जायचं, तोपर्यंत आपल्या तपासणीच्या यादीतच ते नव्हतं. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा, पण आप्पा अजून सांगतात, त्या वर्षी बागेत पिकलेला माल होता आणि गावात कुणी एक्सपोर्टर फिरकत नव्हता. पुढं किती बागा निघाल्या त्या वर्षीच्या कर्जापायी. हजारो किलोमीटर लांबच्या एका बंदरावरची तपासणी आपल्या गावातली सोयरीक मोडू शकते हे मला त्यांच्याकडून कळलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काढणी झाली. थॉमसन जात, मणी अठरा एमएमच्या वर, ब्रिक्स म्हणजे गोडी सतराच्या पुढं. आमच्याकडे पॅकिंगला सुरगाणा आणि पेठकडच्या बायका येतात, सीझनभर राहतात. त्यांच्या हाताची नजर बघण्यासारखी असते. घड डाव्या हातात उलटा धरायचा, देठाला धरूनच, मण्याला बोट लावायचं नाही कारण वरची पांढरी लव निघून जाते, उजव्या हातातल्या बारीक टोकाच्या कात्रीने चिरलेला मणी, डागाचा मणी, आतला बारीक मणी टिपायचा आणि मग अर्धा किलोच्या डबीत बसवायचा. डबीला इकडं पनेट म्हणतात सगळे. अशा दहा डब्यांचा एक बॉक्स, त्यात सल्फरचा कागद, प्रीकूलिंगला, म्हणजे आधी गार करायला, सहा-सात तास, आणि मग बॉक्स फळीवर रचून केलेले वीस पॅलेट शून्य डिग्रीच्या कंटेनरमध्ये. एका पॅलेटमध्ये टेंपरेचर रेकॉर्डर टाकला. ॲगमार्कचं सर्टिफिकेट, फायटो म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचं सर्टिफिकेट, सगळं हातात. फायटोचं सांगायचं म्हणजे १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपने जवळपास सगळ्याच ताज्या फळांना ते सक्तीचं केलंय, सुटलीत फक्त पाच, अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणजे माझ्या माहेरचा नारळ सुटला आणि सासरची द्राक्षं अडकली असं मी घरी म्हणायचे.

प्लॅन होता इस्टरचा. त्या वर्षी इस्टर ३१ मार्चला होता आणि त्याच्या आधीचे दहा-बारा दिवस तिकडं फळाला उठाव असतो. नेहमीच्या रस्त्याने, सुएझ कालव्यातून, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून रॉटरडॅम बावीस ते पंचवीस दिवस. पण नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झालेले, मोठ्या शिपिंग लायनींनी तो रस्ता सोडलेला आणि सगळी जहाजं आफ्रिकेला खालून वळसा घालून, केप ऑफ गुड होपकडून. आम्हाला भाडं दुपटीच्याही वर पडलं. दिवस सांगितले पस्तीस ते चाळीस. द्राक्षाला पंधरा दिवस जास्त म्हणजे काय हे ज्याच्या घरात द्राक्ष आहे त्यालाच कळेल, मणी कदाचित टिकतो पण देठ सुकून तपकिरी होतो आणि गिऱ्हाईक मण्याआधी देठ बघतं. गटात दोन मतं झाली. पाठवू नका म्हणणारे सहा आणि पाठवा म्हणणारे सहा. शेवटी भाऊ म्हणाले, माल झाडावर तयार आहे, झाड थांबणार नाही. कंटेनर निघाला.

मग रोज सकाळी उठून मोबाईलवर जहाज कुठं आहे ते बघायचं. मादागास्करच्या खाली चार दिवस एकाच जागी असल्यासारखं वाटायचं. १० मार्चला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदम पन्नास मेसेज, युरोपशी करार झाला, ड्युटी गेली, पेढे वाटा. मी वाचलं तर तो स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनश्टाइन या चार देशांशी झालेला करार, हे युरोपात आहेत पण युरोपियन युनियनमध्ये नाहीत. नेदरलँड युनियनमध्ये आहे. तो एकटा आपल्याशी ड्युटीचा करार करूच शकत नाही, ते युनियनच्या मुख्यालयात, ब्रुसेल्सला ठरतं, सत्तावीस देशांचं एकत्र. त्या वाटाघाटी २००७ ला सुरू झाल्या, २०१३ ला बंद पडल्या आणि २०२२ ला परत सुरू झाल्या, आम्ही गेलो तेव्हा चालूच होत्या. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांचे करार आधीच झालेत म्हणून त्यांच्या द्राक्षाला तिकडं ड्युटी नाही आणि आपल्याला तेव्हा होती. एवढं सगळं ग्रुपवर लिहून टाकलं तर एकाने विचारलं, मग आपण ज्याला माल देतो तो देश आपल्यासाठी काय करू शकतो? चांगला प्रश्न होता. तो डोक्यात ठेवूनच विमानात बसले.

२५ मार्चला, सोमवारी, बोट लागली. आपल्याकडे त्या दिवशी धुळवड. आम्ही आदल्या दिवशी पोचलो होतो, हवा ढगाळ, वारा असा की छत्री उघडून उपयोग नाही. माल बंदरावरून आमच्या आयातदाराच्या कोल्ड स्टोरला यायचा होता, ते रॉटरडॅमच्या खाली बारेंड्रेख्त म्हणून गाव आहे तिकडं, फळा-भाजीची गोडाऊनंच गोडाऊनं. पण आयातदाराच्या ऑफिसातल्या पोरीने आम्हाला आधी बंदराच्या टोकाला गाडीने नेलं, मासफ्लाक्टेला. शहरापासून तिथवर चाळीस किलोमीटर बंदरच आहे. शेवटचा भाग तर समुद्रात भर टाकून केलेली जमीन, २०१३ ला चालू झालेली. कुंपणाबाहेरून बघितलं, कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांत ड्रायव्हर नाही, आपोआप चालतात, एकमेकींना वाट देतात. २०२३ ला त्रेचाळीस कोटी टनांच्या वर माल या बंदरातून गेला. भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आपलं पिंपळगावचं मार्केट सकाळी बघ, ट्रॅक्टरवाले एकमेकांना वाट देत नाहीत तरी संध्याकाळपर्यंत सगळा माल उठतो. मला ते ऐकून बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी कोल्ड स्टोरवर कंटेनर उघडायचा होता. तिथं फोर्कलिफ्टवर एक साठीचे काका होते, रंगाने आपल्यासारखे, त्यांनी आम्हाला बघितलं, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "शुभ होली." मी चमकलेच. ते सुरीनामचे. त्यांच्या पणजोबांना कलकत्त्याहून जहाजाने नेलेलं, ऊस मळ्यावर करारावर काम करायला. गुलामी बंद झाल्यावर डचांना मळ्यावर माणसं पाहिजे होती, तर ब्रिटिशांशी करार करून ती आपल्याकडून नेली. पहिलं जहाज १८७३ ला पोचलं, लल्ला रूख नाव त्याचं, त्यांच्या घरात हे नाव पाठ असतं. १९७५ ला सुरीनाम स्वतंत्र झालं तेव्हा त्यांचे आई-वडील पोरांना घेऊन इकडं आले. हेगमध्ये त्यांचे लोक खूप आहेत, तिथं होळी, म्हणजे त्यांच्या भाषेत फगवा, मोठी होते म्हणाले. त्यांचं बोलणं भोजपुरीसारखं, मला निम्मं कळत होतं आणि भाऊंना माझ्यापेक्षा जास्त, कारण बागेत छाटणीला बिहारची मुलं असतात. तिथं त्या थंडीत आमच्या देशाचा संबंध या देशाशी काय, तर नुसता द्राक्षाचा कागद नाही, हा माणूसही आहे, हे मला फार आतून जाणवलं. माणसं करारावर नेली आणि त्यांची चौथी पिढी आज आमची द्राक्षं उतरवतेय.

कंटेनर उघडला. मी श्वास धरून उभी. पहिल्यांदा वास येतो, सल्फरचा हलका आणि त्याच्या मागून द्राक्षाचा. रेकॉर्डर काढून कॉम्प्युटरला लावला, ग्राफ सरळ, कुठं उसळी नाही, म्हणजे गाडी आणि बोट दोघांनी थंडी राखलेली. तपासणी करणारा माणूस केसीबी या संस्थेचा, तिकडं ताज्या फळाभाज्यांची क्वालिटी आणि कीड-रोग बघायचं काम त्यांच्याकडे असतं. तो पॅलेटवरच्या वरच्या बॉक्सला हात लावत नाही. मधला काढ, खालचा काढ, त्या कोपऱ्यातला काढ. घड उलटा करून देठाच्या बेचक्यात भिंगाने बघतो, मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड असली तर तिथंच असते. फायटोवरचा नंबर आणि बॉक्सवरचा नंबर जुळवतो. अर्ध्या तासात झालं. कुणाची ओळख विचारली नाही, चहापाणी नाही, जाताना फक्त म्हणाला, ठीक आहे.

मग आयातदाराचा क्वालिटीवाला. त्याच्याबरोबर आम्ही तीन तास होतो आणि माझ्या मते पूर्ण ट्रिपचे पैसे त्या तीन तासांत वसूल झाले. त्याने प्रत्येक पॅलेटमधून डबी काढली, ब्रिक्स घेतला, मणी हलवून बघितला, देठाचा फोटो काढला आणि प्रत्येक गोष्ट आमच्यासमोर लिहिली. सतरा पॅलेट पास. तीन पॅलेटचा देठ तपकिरी आणि तळाला काही मणी ओले झालेले. ते तिन्ही पॅलेट एकाच शेतकऱ्याचे, आणि मला पॅलेट नंबर बघताच आठवलं की त्या दिवशी त्यांचा माल दुपारी एकपर्यंत काढणी चालू होती, ऊन चढल्यावर. डायरीत लिहिलेलं होतं मी. दुपारचा घड पॅकहाऊसला गरम येतो आणि प्रीकूलिंगला घातला तरी देठातलं पाणी गेलेलं ते गेलेलं. सुएझने गेला असता तर पंचवीस दिवसांत कदाचित दिसलंही नसतं. पस्तीस दिवसांनी दिसलं. हे इकडं बसून फोनवर कुणी सांगितलं असतं तर आम्ही भांडलो असतो.

तीन पॅलेट रिपॅकला, म्हणजे खराब मणी काढून परत भरायला, गेले. रिपॅकची खोली मी मुद्दाम बघायला मागितली. दहा-बारा बायका, सगळ्या पोलंडच्या, डोक्याला जाळी, अंगात जाड स्वेटर, त्यावर एप्रन. घड डाव्या हातात उलटा, देठाला धरून, उजव्या हातात तीच बारीक टोकाची कात्री. एकीने माझ्याकडे बघून मान हलवली, मी पण हलवली. कानात गाणी चालू होती तिच्या. ती घर सोडून सीझनला येते, सुरगाण्याची बाई घर सोडून सीझनला येते, आणि दोघींच्या हातात पाच आठवड्यांच्या अंतराने तोच घड. मी फोटो काढला नाही, विचारायला धीर झाला नाही, पण पॅकहाऊसमधल्या बायकांना मी गेल्यावर सगळ्यात आधी हेच सांगितलं. त्यांनी विचारलं, तिला रोज किती पडतो? तो आकडा सांगितल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

संध्याकाळी आयातदाराने जेवायला नेलं. पन्नाशीचा माणूस, बापही याच धंद्यात. आप्पांचा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, आम्ही कुठं खातो, आम्ही वाटतो. तुमच्या सतरापैकी बारा पॅलेट आज रात्रीच जर्मनीला निघतील, दोन स्वीडनला, बाकी इथं. बोट लागल्यापासून दोन दिवसांत माल तिसऱ्या देशाच्या दुकानात जाऊ शकतो, बोटीला हीच जागा पाहिजे असते. हा एवढासा देश शेतमालाच्या निर्यातीत जगात अगदी वरच्या देशांत आहे, आणि त्या आकड्यात असा दुसऱ्याचा आणून पुढं पाठवलेला मालही येतो. मला माझ्या माहेरची वखार आठवली. माहेर वेंगुर्ल्याचं, तिथं डच वखारीचे पडके बुरूज आणि भिंती आहेत, वडाच्या मुळ्यांनी धरलेल्या, आम्ही लहानपणी तिथं जायचो. १६३७ सालची. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि कोकणातला माल उचलायला ती सोयीची जागा होती. मी त्याला फोनवर फोटो दाखवला, त्याला काहीच माहीत नव्हतं, त्याने तो फोटो लगेच बायकोला पाठवला.

मग तो कांद्यावर आला आणि मला तिथं बोलता येईना. आपल्याकडे ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यातबंदी चालू होती. त्याचा भाऊ नेदरलँडमधल्याच झीलँड भागात एका कांदा पॅकिंगवाल्याकडे कामाला. म्हणाला, तुमचा कांदा बंद झाला तेव्हा आमच्याकडे आशियातून फोन यायला लागले. आम्ही एरवी सेनेगल, आयव्हरी कोस्टला पाठवतो, आता लांबचे गिऱ्हाईक पण विचारतायत. हे सांगताना त्याला आनंद होत नव्हता, तो साधेपणाने सांगत होता. मग म्हणाला, तुमच्या द्राक्षात मला काही अडचण नाही, पण माझा जर्मन गिऱ्हाईक मला विचारतो की इंडिया पुढच्या वर्षी असेल का? मी काय सांगू? भाऊंचा अर्धा एकर कांदा त्या वेळी चाळीत पडून होता. मी ते त्याला भाषांतर करून सांगितलं. तो गप्प झाला. नेदरलँडचं हेच मला शिकण्यासारखं वाटतं आणि ते मी ठामपणे म्हणते, त्यांच्याकडे जमीन कमी, ऊन कमी, पण दार उघडं असतं आणि ते उद्याही उघडं असेल याची सगळ्यांना खात्री असते. आपल्याकडे माल आहे आणि ती खात्री नाही. लासलगावचा शेतकरी कितीही चांगला कांदा पिकवू दे, एका रात्रीतल्या नोटिफिकेशनने त्याचं मलेशियातलं गिऱ्हाईक जाणार असेल तर ते परत आणायला वर्षं लागतात. द्राक्षावर अशी बंदी कधी आली नाही, पण लांब बसलेल्या माणसाला द्राक्ष आणि कांदा वेगळे दिसत नाहीत, त्याला इंडिया दिसतो.

ग्रुपवरच्या त्या प्रश्नाचंही उत्तर मला त्याच टेबलावर मिळालं असं वाटतं. ड्युटी त्यांच्या हातात नाही. पण ब्रुसेल्सच्या टेबलावर सत्तावीसमधली एक खुर्ची त्यांची आहे, आणि ज्या देशाचं पोट माल येण्या-जाण्यावर भरतं तो दार बंद करा म्हणून सहसा ओरडणार नाही. आणि दुसरं, शिकवायला ते तयार असतात, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात डचांबरोबर केलेलं भाजीपाल्याचं केंद्र आहे, आमच्यातले दोघे तिथं जाऊन आलेत.

परतायच्या आदल्या दिवशी वेस्टलँडला गेलो. नुसती काचेची घरं, रस्त्याच्या दोन्ही अंगाला, आत टोमॅटो, ढोबळी मिरची, फुलं. एका म्हाताऱ्या उत्पादकाने सांगितलं की त्याच्या आजोबांच्या काळात या काचेखाली द्राक्षं असायची. वेस्टलँड द्राक्षासाठी प्रसिद्ध होतं, फ्रँकेंथालर म्हणून काळी जात. मग दक्षिणेकडून उन्हातली स्वस्त द्राक्षं यायला लागली, काचेखाली कोळसा जाळून द्राक्ष पिकवणं परवडेना, लोकांनी वेली काढल्या आणि टोमॅटो लावला. त्यांच्या वेली निघाल्या म्हणून आज आमच्या वेलीला तिथं जागा आहे. भाऊंनी त्याला विचारलं, वेली काढताना आजोबांना कसं वाटलं असेल? मी भाषांतर केलं. तो म्हणाला, आजोबांनी एक वेल ठेवली होती, घराच्या दाराशी. भाऊंनी त्याचा हात हातात घेतला.

विक्रीचा हिशोब मेमध्ये आला. इस्टरच्या चार दिवस आधी माल बाजारात गेला तरी दर धरला तेवढा नव्हता, कारण वळसा घालून आलेले आपलेच खूप कंटेनर त्याच आठवड्यात एकदम लागले. जादा भाडं आणि रिपॅकचा खर्च वजा जाता बांधावरच्या भावापेक्षा थोडेच जास्त हातात पडले. पण प्रत्येक पॅलेटचा वेगळा हिशोब, फोटोसकट. तीन पॅलेटवाल्या काकांना मी फोटो दाखवले, त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितले आणि म्हणाले, पुढच्या वेळी दहाच्या आत काढणी बंद. भांडण नाही काही नाही. ऑक्टोबरला आम्ही परत नोंदणी केली, बारामधल्या नऊ जणांनी. तिघे म्हणाले आम्ही बांधावरच देऊ, जोखीम नको, आणि त्यांचंही चूक नाही, एकाच्या घरात लग्न होतं आणि पैसा मार्चमध्येच पाहिजे होता.

आप्पांना मी सांगितलं की हॉलंडवाले फार खात नाहीत, पुढं पाठवतात, आपल्या बागेतले चार पॅलेट जर्मनीत ड्यूसबुर्ग नावाच्या गावाला गेले. त्यांनी ते नाव दोनदा विचारलं, नातवाकडून नकाशात शोधून घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मार्चच्या पानावर, जिथं ते फवारणी आणि पाण्याच्या पाळ्या लिहितात तिथं पेन्सिलने लिहून ठेवलं. ऱ्हाईन नदीवर आहे ते, नातू म्हणाला. आप्पा म्हणाले, नदीकाठचं आहे होय, मग लोक बरे असतील.